मखमलीचा गंडभेरुंड

आमच्या दुकानातली कातर कुणी कुणाच्या हातात देत नसे. हातातून हातात दिली की भांडण लागतं, म्हणून ती फळीवर ठेवायची आणि ज्याला हवी त्यानं आपल्या हातानं उचलायची. खरं तर या नियमाची काही गरज नव्हती. ती कातर उचलणारा माणूस एकच होता, तो म्हणजे माझे सासरे.

बंगळूरच्या शिवाजीनगरात, बस स्टँडसमोरच्या रांगेत, आमचं शिंप्याचं दुकान होतं. सासऱ्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठीच बोलत, पण दर चौथा शब्द कन्नड. मी बेळगावची, दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेली, तरी पहिले सहा महिने मला त्यांचं निम्मं बोलणं कळलं नाही आणि त्यांना माझं. आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी जातो' असं पुरुषांसारखं बोलतात. ते ऐकून अण्णांना दर वेळी हसू फुटायचं. हसणारा माणूस होता तो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे.

आम्ही बँडवाल्यांचे कोट शिवायचो. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या बँड पार्ट्या तेव्हा, नव्वदीच्या दशकातही, जोरात होत्या. मरून रंगाची मखमल, सोनेरी फीत, खांद्यावर झालर. उरलेल्या दिवसांत शाळांचे गणवेश. काम वाटून दिलेलं होतं. कापायचं अण्णांनी. मशीन दोन, एकावर अण्णा आणि एकावर मी. अक्का काजं करत, बटणं लावत, तुरपाई करत. माझा नवरा कारखान्यात नोकरीला होता आणि सुईकडे बघायलाही तयार नसे. मशीनवर बसायला मिळावं म्हणून मी दोन वर्षं भांडले होते. कातरीचं नाव काढलं की मात्र अण्णा म्हणत, "बायकांच्या हातात कातर बेडा. शिवताना चुकलं तर उसवता येतं. कापताना चुकलं की गेलं." बेडा म्हणजे नको. त्यांचं शेवटचं वाक्य खरं होतं, पण पहिल्याशी त्याचा काय संबंध ते मला कधी कळलं नाही.

माझ्या ट्रंकेत बेळगावच्या शिवणक्लासचं प्रमाणपत्र होतं. मुलीचे फ्रॉक मी घरी, भाजी चिरायच्या वेळात वेळ काढून, छोट्या कातरीनं कापत असे. अण्णा ते फ्रॉक हातात घेऊन बघत आणि "सरी" म्हणत. बरं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अक्का? तीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून काजं केली, पण ती कातर एकदा उचलून बघितली नाही. त्यांच्या काजांना सगळ्या बाजारात तोड नव्हती. तरी मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. वाटायचं, या बाईनं तीस वर्षांपूर्वी एकदा तरी तोंड उघडलं असतं, तर आज मला भांडावं लागलं नसतं.

एका वर्षी, नवरात्राला थोडे दिवस राहिले असताना, कोरमंगलातल्या एका बालवाडीच्या मिस दुकानात आल्या. मुलांसाठी रंगकामाचे ॲप्रन शिवायचे होते. मापं देऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक चित्र काढलं. गरुड. बाकदार चोच, डोक्यावर तुरा, पसरलेले पंख. असा एक कापडाचा करून द्याल का, आत हात घालून नाचवायचा, त्यांनी विचारलं. मुलं त्याला घेऊन आपापल्या गोष्टी रचतील. दुकानात ससे आणि अस्वलं मिळतात, पण त्यांना असं काहीतरी हवं होतं की जे मुलांनी कुठल्याही पिंजऱ्यात बघितलेलं नाही.

अण्णांनी चित्राकडे धड बघितलंसुद्धा नाही. "आम्ही कोट शिवतो, मॅडम. बाहुल्या नाही."

"मी करतो की," मी मशीनवरून म्हणाले, आणि तेच मिसना कन्नडमध्येही सांगितलं.

एरवी अण्णा हसले असते. या वेळी हसले नाहीत. गिऱ्हाइकासमोर सुनेला गप्प बसवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मी नेमका त्याचाच फायदा घेतला होता. मिस खूश होऊन, आठ दिवसांनी येते म्हणून निघून गेल्या. मग अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"सरी," ते म्हणाले. "तूच काप, तूच शिव. बँडवाल्यांच्या कोटातली उरलेली मखमल आहे, तेवढ्यात बसव. जमलं तर गणवेशाचं सगळं कटिंग तुझं. नाही जमलं तर मी आहे तोवर या दुकानात कातरीचं नाव काढायचं नाही."

"चालेल," मी म्हणाले. म्हणायला काय जातं! 

मखमल म्हणजे हातभर तुकडा. त्यातून गरुडाचा पुढचा भाग निघेल आणि मागचा, तिसऱ्यांदा कातर लावायला जागा नाही. मी वर्तमानपत्राचा साचा कापला. मधोमध धड, दोन्हीकडे पंख, आणि एका बाजूला वळलेली मान. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवून स्वल्प, म्हणजे जरा, आडवं व्हायला मागच्या गल्लीतल्या घरी गेले. जाताना कातर फळीवर ठेवून गेले. मी ती उचलली. वाटलं होतं त्याहून जड होती, आणि अण्णांचा अंगठा जिथे बसे तिथलं पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं.

पहिला तुकडा कुठेही न अडखळता निघाला. चोचीचं टोक, तुऱ्याचे कंगोरे, पंखांची गोलाई, सगळं खडूच्या रेघेवर. मग मला चेव चढला. साचा उचलला, उरलेल्या मखमलीवर ठेवला, आणि कापता कापता अक्कांना ऐकवायला सुरुवात केली. बघा, यात बाईला न जमण्यासारखं काय आहे? तीस वर्षं तुम्ही नुसती काजं करत बसलात. एकदा उचलायची होती की ही कातर, कोण तुमचा हात धरणार होतं? अक्का मान खाली घालून काज करत होत्या. त्या काहीच बोलेनात, म्हणून मी आणखी बोलले.

कापून झाल्यावर दोन्ही तुकडे पाठीला पाठ लावून ठेवले, लव बाहेरच्या बाजूला येईल असे. आणि माझं बोलणं बंद झालं. एका तुकड्याची चोच डावीकडे होती, दुसऱ्याची उजवीकडे.

साचा पालटायचा राहिला होता. शिवणक्लासच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. दुसरी बाही कापताना साचा पालटून ठेवायचा, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. साधं कापड असतं तर उलटी बाजू वर करून वेळ मारून नेता आली असती. मखमलीला एका बाजूला लव आणि दुसऱ्या बाजूला नुसतं सूत, तिथे काही लपत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती काढणार कुणावर? चूक माझी, बडबड माझी. मी रडले. दुःखानं नव्हे, संतापानं. "अक्का," मी म्हणाले, "गेलं सगळं. अण्णा म्हणत होते तेच खरं झालं." अक्कांनी स्टूल पुढे ओढलं आणि मला खाली बसवलं.

"स्वल्प पाणी पी," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली. पहिलीत होती. आल्यावर दप्तर भिरकवायचं आणि दुकानाच्या पायरीवर बसून स्टँडात शिरणाऱ्या बस बघत राहायचं, हा तिचा रोजचा उद्योग. तिनं फळीवर वाकून बघितलं.

"आई, हे बसवरचं पाखरू ना गं?"

मी तिच्यावर खेकसणारच होते. पण समोरून एक सरकारी बस वळत होती आणि तिच्या अंगावर ते चिन्ह होतं. गंडभेरुंड. एक धड, दोन डोकी, एक इकडे बघतंय, एक तिकडे. कर्नाटकात हा पक्षी कुणाला सांगावा लागत नाही. जुन्या देवळांच्या खांबांवर आहे, सरकारी कागदांवर आहे, बसवर आहे. चोचीत हत्ती धरून उडतो, अशा त्याच्या गोष्टी सांगतात. लग्न होऊन आल्यापासून मी दिवसातून पन्नास वेळा तो बघत होते. फळीवर मीच कापलेला मात्र मला ओळखता आला नाही, सहा वर्षांच्या पोरीला आला.

माझ्या अंगात वारं शिरलं. पोरीचे दोन्ही गाल ओढले आणि कामाला लागले. अडचण एकच होती. कुठूनही बघितलं तरी एक डोकं मखमली दिसणार आणि दुसऱ्याची मागची, सुताची बाजू दिसणार. ती झाकायला हवी. अक्का उठल्या आणि त्यांच्या गाठोड्यातून हिरवं साटीन घेऊन आल्या, कोटांच्या अस्तरातलं उरलेलं. आता पाखरू पुढून बघा नाहीतर मागून, एक डोकं मरून आणि एक हिरवं. चोचींना आणि पंखांच्या कडेला बँडवाल्यांची सोनेरी फीत. धड मोठ्या माणसाचा हात जाईल असं बेतलेलं होतं, त्याला आता दोन माना फुटल्या होत्या, आणि प्रत्येक मानेत लहान मुलाचा एक हात मावत होता.

"डोळे मी करते," अक्का म्हणाल्या.

चार गोल काजं, गच्च टाक्यांची, आणि त्यातून बाहेर बघणारं काळं बटण. असे डोळे मी कुठल्या बाहुलीला बघितलेले नाहीत. पाखरू कुठेही ठेवा, ते तुमच्याकडेच बघे. त्या डोळ्यांसाठी मी मनातल्या मनात अक्कांचे पाय धरले, आणि दुपारी जे काही बोलले होते त्याची तोंडानंही माफी मागितली.

"बोलतीस ते बरं," अक्का दोरा तोडत म्हणाल्या. "कुणीतरी बोलायला पाहिजेच होतं की."

आठव्या दिवशी मिस आल्या. तोवर अण्णांनी पाखरू बघितलं नव्हतं, बघायला मागितलंही नव्हतं. मी ते कापडातून काढून फळीवर ठेवलं. मिस बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी गरुड सांगितला होता ना?"

अण्णांनी पाखरू उचललं. उलटं करून शिवणी बघितल्या, दोन्ही चोचींवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं कापड कापलेला माणूस. त्यांना तेवढं पुरलं. हळू आवाजात, मराठीत, ते मला म्हणाले, "दोन्ही एकाच बाजूचे कापलेस."

"होय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं! "चुकलं. पण टाकून दिलं नाही."

मिसना मराठी येत नव्हतं. अण्णांनी कन्नडमधून एक वाक्य बोलायचं, की चुकून कापलं गेलंय, आणि माझं कातरीचं प्रकरण तिथेच मिटायचं.  अण्णांनी पाखरू फळीवर ठेवलं आणि मिसना कन्नडमध्ये म्हणाले, "खेळणार कोण, पोरंच ना? मग पोरांना विचारा." ते त्या दिवशी मला वाचवत होते की सगळ्यांसमोर आपटू देणार होते, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही.

मिस कबूल झाल्या. मी पाखरू मांडीवर घेऊन त्यांच्याबरोबर ऑटोत बसले, तर शेजारी अण्णाही येऊन बसले. "कापड माझ्या दुकानाचं आहे," म्हणाले. दुकान अक्कांवर सोडून आम्ही निघालो.

कोरमंगलात तेव्हा नवी नवी घरं उठत होती आणि कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी कुठकुठली माणसं येऊन राहत होती. बालवाडीतल्या चटईवर पंधरा-वीस मुलं बसली होती आणि त्यांच्यात पाच-सहा भाषा चालल्या होत्या. मी पाखरू हातात घातलं, मुलांसमोर उभी राहिले, आणि माझी वाचा बसली. एरवी जी बाई बोलायची थांबत नाही तिला एक शब्द सुचेना. पाखराच्या दोन्ही माना लोंबायला लागल्या. अण्णा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीशी घेऊन, बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात एक मुलगी उठून आली. तिनं खालून आत डोकावून बघितलं, माझा हात बाहेर ओढून काढला आणि आपला हिरव्या डोक्यात घातला. लगेच एका मुलानं दुसऱ्या डोक्यात हात खुपसला. दोन्ही डोकी उभी राहिली आणि एकमेकांकडे वळली.

"यारु नीनु?" हिरव्या डोक्यानं कन्नडमध्ये विचारलं. तू कोण?

"मैं तो तू ही हूँ!" मरून डोकं हिंदीत म्हणालं.

सगळा वर्ग खिदळला. मग काय विचारता! हिरव्याला डोसा हवा होता, मरूनला आइस्क्रीम. दोघं भांडायला लागली, तेव्हा मागून एकजण ओरडला, की अरे, पोट तर एकच आहे! मग पोट कुणाचं यावर भांडण. मिसची पर्स हत्ती झाली, आणि पाखरानं तो हत्ती दोन चोचींत धरून खिडकीपर्यंत उडवत नेला, कारण एका चोचीला तो पेलत नव्हता. एक डोकं झोपलं की दुसऱ्यानं राखण करायची असं ठरलं. एक थाप मारायला लागलं की दुसरं त्याला पकडायचं. मुलांनी आपणहून रांग लावली, आणि रांग जोड्यांची. कुणालाच एकट्यानं जायचं नव्हतं.

"गरुड असता तर एका वेळी एकच मूल खेळलं असतं," मिस माझ्या कानाशी म्हणाल्या. "मला हे सुचलंच नसतं."

मलाही सुचलं नव्हतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. छाती भरून आली होती. ओरडून सगळ्या कोरमंगलाला सांगावंसं वाटत होतं, की हे मी कापलंय.

मग ती पहिली मुलगी अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. हिरवं डोकं तिच्या हातात होतं. दुसऱ्यात तू हात घाल, असं तिनं अण्णांना खुणेनं सांगितलं. अण्णांचा हात मानेत जाईना, तीनच बोटं गेली. हिरव्या डोक्यानं विचारलं, "निनगे एरडु तले याके?" तुला दोन डोकी का?

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग अशा बारीक, चिरक्या आवाजात बोलले, की इतक्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. "ओंदु तले तप्पु माडितु. इन्नोंदु तले सरी माडितु." एका डोक्यानं चूक केली, दुसऱ्यानं ती नीट केली.

आवाज ऐकून मुलं पोट धरून हसली. मला हसता आलं नाही. डोळे भरून वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत.

 परतताना ऑटोत, शिवाजीनगर जवळ आल्यावर, अण्णा एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मानेला दुहेरी शिवण घाल. पोरं ओढतात." पुढच्या वेळी! मी रस्त्याकडे तोंड करून हसून घेतलं.

नवमीला आयुधपूजा झाली. मशीनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, कातरीला कुंकू लावलं, दुकानासमोर कोहळा फोडला. स्टँडातल्या बसनाही केळीचे खुंट बांधलेले होते आणि गंडभेरुंडाच्या चिन्हावरून फुलांच्या माळा सोडलेल्या. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. दसऱ्याला सकाळी अण्णांनी दुकान उघडलं, गणवेशाच्या निळ्या कापडाचा तागा फळीवर उलगडला. पूजेतली कातर आणून त्याच्याशेजारी ठेवली. मग हात काढून घेतला आणि आपल्या मशीनवर जाऊन बसले.

"उचल," म्हणाले.

या क्षणासाठी मी किती झणझणीत वाक्यं तयार ठेवली होती! एकही आठवलं नाही. मी कापडाची घडी दोनदा तपासली, खडूनं रेघ मारली.

"साचा पालटला?" अण्णांनी मान न वळवता विचारलं.

"पालटला."

कातरीकडे हात नेला आणि सहज अक्कांकडे लक्ष गेलं. मांडीवर काज अर्धं राहिलं होतं आणि त्या कातरीकडे बघत होत्या. माझ्याकडे नव्हे, कातरीकडे. इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर रागावत आले होते, हे मला तेव्हा कळलं. मी कातर उचलली आणि पुन्हा फळीवर ठेवली, त्यांच्या बाजूला.

"अक्का, पहिली तुम्ही कापा."

"मला बेडा गं," त्या म्हणाल्या, पण डोळे तिथेच.

अण्णांचं मशीन थांबलं.  मग ते म्हणाले, "स्वल्प सांभाळून. ती डावीकडे ओढते."

अक्कांनी पदराला हात पुसले, उठल्या आणि कातर उचलली. खडूच्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत कापलं, कुठेही न थांबता. रेघ तसूभरही सुटली नाही. मग कातर फळीवर ठेवली, माझ्या बाजूला.

"तीस वर्षं बघत बसले होते गं," त्या म्हणाल्या. "जमणारच की."